अवांतरात लिहिलेला गोल

ब्राझीलला वर्ल्ड कप झाला त्या वर्षी मी सिंगापुरात, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होतो. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून बायको फेब्रुवारीत नाशिकला गेली होती. आधी तीन आठवड्यांसाठी, मग तीन महिन्यांसाठी, आणि नंतर आम्ही आकडा बोलणं सोडून दिलं. मुलगी मेलबर्नला शिकत होती. मी सव्वासातला ऑफिसातून घरी यायचो आणि अकराला झोपायचो. मधले पावणेचार तास माझे होते. एका सोमवारी मी त्या वेळात किती शब्द बोलतो ते मोजलं. चार. त्यातले तीन लिफ्टमध्ये.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्टेडियमचे दिवे दिसायचे. एका संध्याकाळी कुकर लावायचा कंटाळा आला म्हणून तिकडे गेलो. चालत अकरा मिनिटं. लीगचा सामना होता. फुटबॉल मला कळत नव्हता, म्हणून मी माणसं मोजली. दोनशे सतरा. बाकावर बसलेले दोन्ही संघांचे राखीव खेळाडूही त्यांत धरले होते.

दुसऱ्या वेळी वही घेऊन गेलो. कॉलेजात असल्यापासून नाशिकच्या एका क्रिकेट क्लबचा मी नऊ वर्षं गुणलेखक होतो. खेळता येत नव्हतं, पण माझ्या वहीत कधी एका धावेचाही घोळ झाला नाही. हातात पेन नसेल तर मला सामना दिसतच नाही. वहीत रकाने आखले: मिनिट, खेळाडू, डावा पाय की उजवा की डोकं, अंदाजे अंतर. शेवटी हाताच्या सवयीने आणखी एक रकाना आखला, अवांतर.

यजमान संघाचा नऊ नंबर पॅराग्वेचा होता. वय तेहतीस, उंची बेताची, केस पुढून विरळ झालेले. तो फार पळायचा नाही. उभा राहायचा, आणि चेंडू जिथे येणार तिथे एक पाऊल आधी असायचा. क्लबने त्याला आमच्याच ब्लॉकमध्ये सहाव्या मजल्यावर खोली दिली होती हे मला लिफ्टमध्ये कळलं.

“तुम्ही तिसऱ्या रांगेत बसून लिहीत असता,” तो म्हणाला. त्याचं इंग्रजी चार देशांत शिकलेलं होतं. “दुसऱ्या क्लबचे हेर का?”

“नाही. अकाउंटंट आहे.”

“अरे देवा. त्याहून वाईट.”

त्यानंतर दर रविवारी सकाळी आम्ही ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतल्या दगडी टेबलाशी भेटू लागलो. तो थर्मासमध्ये बर्फाचं पाणी आणायचा आणि शिंगाच्या पेल्यात कसलातरी हिरवा पाला भरून ते त्यावर ओतायचा. एकच पेला, एकच धातूची नळी, आळीपाळीने प्यायचं. पहिल्या वेळी मी पिऊन “थँक यू” म्हणालो, तर पुढच्या फेरीत त्याने मला वगळलं. मी वाईट वाटून गप्प बसलो. मग त्याच्या लक्षात आलं.

“आमच्याकडे थँक यू म्हणजे पुरे झालं, अंकल. पाहिजे असेल तर काही बोलायचं नाही.”

मला ते सोपं वाटलं. दुपारी तो वर जेवायला यायचा. मला तीन पदार्थ येत होते, त्यांतलं वरण त्याला आवडलं. त्यावर तो एक अख्खं लिंबू पिळायचा.

जेवताना त्याने मला त्याची कारकीर्द सांगितली, आणि मी ती वहीच्या मागच्या बाजूने उतरवून घेतली. चौदाव्या वर्षी घर सोडलं. राजधानीतल्या एका क्लबच्या गॅलरीखाली अठरा मुलांसोबत झोपायचा. अठराव्या वर्षी पहिला सामना. दोन हंगामांत एकोणीस गोल. मग चिली, तिथे गुडघा गेला. मग बोलिव्हियात इतक्या उंचीवर की पहिल्या आठवड्यात नाकातून रक्त यायचं. मग इक्वाडोर, ग्वाटेमाला, व्हिएतनाम, आणि इंडोनेशियातला एक क्लब, जो हंगामाच्या मध्येच बंद पडला. एकूण अकरा क्लब. गोल एकशे तीस असतील असं तो म्हणाला. मी त्याच्यासमोर बेरीज केली, एकशे सत्तावीस निघाले.

“क्लब बंद पडतो तेव्हा कागदही जातात,” तो म्हणाला. “हे सगळे गोल एका पानावर मी आज पहिल्यांदा बघतोय.”

त्याची बायको आणि आठ वर्षांचा मुलगा पॅराग्वेतच होते. आठ वर्षांपैकी आपण मुलासोबत किती राहिलो याचीही बेरीज करा, असं तो मला म्हणाला. मी तारखा विचारत गेलो. शेवटची रेघ मारली तेव्हा त्याने वहीवर हात ठेवला. “आकडा सांगू नका,” म्हणाला. मी सांगितला नाही. बावीस महिने होते.

त्याच्या करारात एक अट होती. लीगमध्ये पंधरा गोल झाले तर करार आपोआप आणखी एक वर्ष वाढणार होता. नाही झाले तर नोव्हेंबरात इथे राहायचा पास रद्द आणि सामान बांधायचं. तेहतिसाव्या वर्षी नव्याने कोणी घेणार नाही हे त्याला माहीत होतं. पण दुसरं वर्ष मिळालं तर तो बायकोला आणि मुलाला इथे आणणार होता. तिने घरातल्या भिंतीवर सिंगापूरचा नकाशा लावला होता.

शेवटचे तीन सामने राहिले तेव्हा त्याचे चौदा गोल होते.

त्या तिघांतल्या पहिल्या सामन्यात त्रेसष्टाव्या मिनिटाला त्याने चेंडू छातीवर घेतला, वळला आणि साधारण अठरा मीटरवरून डाव्या पायाने मारला. चेंडू डाव्या कोपऱ्याकडे निघाला, गोलकीपर तिकडे झेपावला, आणि मध्ये आलेल्या डिफेंडरच्या मांडीला लागून चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला. नऊ नंबर दोन्ही हात पसरून आमच्या बाजूला धावत आला. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मग बसून वहीत लिहिलं.

क्लबची नोंद ठेवणारे एक निवृत्त शाळामास्तर होते, चिनी, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. तिकिटंही तेच फाडायचे, त्यामुळे निम्मा सामना त्यांना दिसायचा नाही. गोल झाला की ते जिन्यावरून धापा टाकत यायचे आणि मला विचारायचे. रेफरीने नुसतं गोल झाला एवढंच लिहिलेलं असायचं, कोणाच्या नावावर ते क्लबच्या कागदावरून ठरायचं. हे मला नंतर कळलं.

“कोणाचा? नऊचा?”

“नाही,” मी म्हणालो. “डिफेंडरच्या पायाला लागून गेला. नऊच्या नावावर जात नाही.”

“शुअर आ?”

“शंभर टक्के.”

मला शंका नव्हती. अंगाला लागून गेलेल्या चेंडूच्या धावा फलंदाजाला मिळत नाहीत. लेगबाय असतो तो, संघाला मिळतो, जातो अवांतरात. नऊ वर्षांत मी असे शेकडो लिहिले होते. मास्तरांनी कागदावर ओन गोल, म्हणजे डिफेंडरने स्वतःच्याच संघावर केलेला, असं लिहिलं आणि खाली गेले.

रविवारी नऊ नंबर लवकर आला. आदल्या दिवशी त्याने घरी फोन केला होता. बायको रडली, मुलाने शाळेची बॅग भरून ठेवली.

“दाखवा तुमचं पान,” तो म्हणाला. “मला पंधरा लिहिलेलं बघायचंय.”

मी वही उघडली. त्याने बोट फिरवत मोजलं. पुन्हा मोजलं.

“एक राहिला, अंकल.”

“माझा राहत नाही.”

“शनिवारचा?”

मी अवांतराचा रकाना दाखवला आणि लेगबाय समजावून सांगितला. पेला बॅट म्हणून धरून दाखवला. तो मनापासून हसला. “कसला खेळ हो तुमचा! मारला मी, आणि नाव कोणाचंच नाही?” मग तो हसायचा थांबला. “अंकल, फुटबॉलमध्ये असं नसतं. माझा चेंडू गोलातच चालला होता. मध्ये कोणाचा पाय लागो, डोकं लागो, गोल माझाच. तो बाहेर चालला असता तर गोष्ट वेगळी.”

“हो का?”

“हो. पण तुमच्या वहीचं काय, क्लबच्या कागदावर बरोबर असेल.”

मी पाण्याकडे बघत बसलो. बर्फ विरघळत होता.

“क्लबच्या कागदावरही चौदाच असतील,” मी म्हणालो. “मास्तरांना मी सांगितलं.”

त्याने थर्मासचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा काढून लावलं. त्या दिवशी तो जेवायला आला नाही.

मी दीड पानी पत्र लिहिलं. मिनिट, अंतर, चेंडूची दिशा, गोलकीपर कुठे झेपावला, सगळं आकृतीसकट. अर्धा दिवस रजा टाकून क्लबच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी तरुण आणि सभ्य होता. त्याने आकृतीसुद्धा नीट पाहिली.

“शनिवारी तुम्ही म्हणालात ओन गोल,” तो म्हणाला. “आज म्हणताय त्याचा गोल. मी कुठल्या दिवशीच्या अंकलवर विश्वास ठेवू?”

मास्तर दाराशी उभे होते. “मी तुम्ही सांगाल तेच लिहितो लाह,” ते हळूच म्हणाले. “वर्षभर तुम्ही एकदाही चुकला नाहीत.”

कागद लीगकडे गेलेला होता. तो परत मागवायची क्लबला काही घाई दिसली नाही.

संध्याकाळी बायकोला फोनवर सगळं सांगितलं. ती वडिलांना पेज भरवत होती.

“अहो, मग खोटं थोडंच बोललात?”

“खोटं नव्हतं. चुकीचं होतं.”

“कोणी विचारलं तर ‘मला खात्री नाही’ असं म्हणता येत नाही का हो तुम्हाला? बावीस वर्षं झाली लग्नाला. एकदासुद्धा ऐकलं नाही.” मग पलीकडे चमचा वाजला आणि ती वडिलांना म्हणाली, “बाबा, आ करा.” फोन सुरूच राहिला. मी ते ऐकत बसलो.

पुढच्या सामन्यात नऊ नंबर संघातच नव्हता. मांडी आखडली आहे, असं क्लबने सांगितलं. तो सकाळी ब्लॉकचे जिने पळत चढताना मला दिसला होता. शेवटच्या सामन्यात त्याला एक्क्याऐंशीव्या मिनिटाला उतरवलं. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू त्याने डोक्याने मारला, तो बारच्या अर्धा हात वरून गेला. गोल झाला असता तरी करार वाढवायला नको म्हणून क्लबने काहीतरी शोधून काढलंच असतं, अशी मी नंतर स्वतःची समजूत घालायचो. पण ते माझ्या वहीतलं नाही, आणि त्याने माझी चूक कमी होत नाही.

रविवारी मी दगडी टेबलाशी जाऊन बसायचो. तीन रविवार तो आला नाही. चौथ्या रविवारी लिफ्टमध्ये भेटला, दोन बॅगा घेऊन. कंबोडियात एका क्लबने चाचणीला बोलावलं होतं, पुढचं नक्की काही नव्हतं. मी एक बॅग उचलली. तो नको म्हणाला नाही.

टॅक्सी यायला वेळ होता.

“एक विचारू?” तो म्हणाला. “नियम तुम्हाला माहीत असता, आणि चेंडू खरंच बाहेर चाललेला असता, तर मास्तरांना काय सांगितलं असतंत?”

माझा मित्र उभा होता समोर. त्या शहरातला एकुलता एक. ‘नऊचा’ म्हणायला काही लागणार नव्हतं.

“ओन गोल,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. “मला वाटलंच.”

“राग आलाय?”

“आलाय.” त्याने बॅगेचा पट्टा आवळला. “तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर जास्त आला असता. जाईल कधीतरी.”

टॅक्सी आली. बॅगा मागे ठेवल्या. त्याने हात मिळवला. मी “थँक यू” म्हणणार होतो, पण म्हणालो नाही. तो गेला.

जानेवारीत मी त्याला वाढदिवसाचा मेसेज पाठवला. त्याने तो वाचला, एवढं फोनवर दिसलं.