वाटीभर करवंदं

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे शुभाच्या हातांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. शेजारणीच्या वाटीतून लोणचं आलं, की त्याच वाटीतून निदान साखर तरी जायचीच. घाटकोपरच्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे तिची उमेदीची वर्षं गेली. भुताखेतांचं बोलणं निघालं की ती हसून सोडून द्यायची. पण रिकामं भांडं परत करणं? छे, ते तिच्याच्याने होत नसे.

मुलुंडच्या डोंगराला पाठ टेकून इमारती जिथे संपतात, तिथल्या शेवटच्या इमारतीत, तळमजल्यावर, ती आणि तिचा नवरा काशीराम राहत. आधी त्या जागी बैठी चाळ होती. काशीरामचे वडील गिरणीत असताना त्या चाळीत राहायला आले. पुढे गिरणी गेली, चाळ गेली, डोंगर तेवढा होता तिथेच राहिला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात लांब केला तर झाडीला लागेल, इतका जवळ.

त्या उन्हाळ्यात काशीराम न्यूमोनियातून उठला, पण त्याच्या तोंडाची चव काही परत आली नाही. भाताचा घास तो तोंडात घोळवत राही आणि हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवी. डॉक्टर म्हणाले, औषधांनी करायचं ते केलं, आता पोटात अन्न गेलं नाही तर अवघड आहे.

त्यांची मुलगी रेवती सांताक्रूझला राहायची, आहारतज्ज्ञ होती. तिने फोनवर सांगितलं, "आई, रानमेवा देऊन बघ. करवंदं, जांभळं. गडद रंगाच्या फळांत अँटिऑक्सिडंट भरपूर असतात."

"त्याच्या गोळ्या दिल्यात गं मी खिडकीतून. फळात ते काय करतं, ते सांग."

"सफरचंद चिरून ठेवलं की काळं पडतं ना? लिंबू चोळलं की पडत नाही. आपल्या आतही तसंच काहीतरी झिजत असतं, ते जरा आवरून धरतात ही फळं. जादू नाही हं, खाणंच आहे. पण आंबटगोड आहे, बाबांचं तोंड तरी उघडेल."

"तुझ्या बाबांनी जन्मात करवंदाला हात लावलेला नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्लीत चिटपाखरूही नसताना, खिडकीच्या कठड्यावर एक वाटी दिसली. किटण चढून काळीठिक्कर पडलेली, आणि करवंदांनी काठोकाठ भरलेली. देठांवरचा पांढरा चीक अजून ओला होता. शुभाने बाहेर डोकावलं. कुणीच नव्हतं. फक्त एक फांदी हलत होती, आणि वारा पडलेला होता.

काशीराम वाटीकडे बघत राहिला. मग त्याने एक करवंद उचललं, आणि मग हात थांबलाच नाही. जांभळे ओठ पुसत त्याने विचारलं, "आणखी आसत?"

शुभाने तोंड फिरवून डोळे टिपले. संध्याकाळी वाटीत गूळखोबरं घालून ती कठड्यावर ठेवली. दुसऱ्या दुपारी वाटी पुन्हा भरलेली. असं रोज चालू झालं. तिने कधी खीर ठेवली, कधी बेसनाचा लाडू; तिकडून करवंदं येत राहिली. काशीराम पेज मागू लागला, मग भाकरी, मग माशाचं कालवण. गालांवर रंग आला. रेवती खूश झाली. शुभाला वाटायचं, हे खंडूचं काम. खंडू पाड्यावरून करवंदं आणून नाक्यावर विकायचा, जुन्या ओळखीचा होता.

नाक्यावर गाठून तिने त्याचे आभार मानले, तर तो हसायलाच लागला. "मी कशाला ठेवू बाई? फुकट वाटायला मी काय निवडणुकीला उभा हाय?" मग हसू आवरून म्हणाला, "तुमच्या मागची जाळी आमी कुणी तोडत न्हाय. म्हातारी माणसं सांगून गेली, तितली करवंदं दुसऱ्या कुणासाठी हायेत."

पुढे करवंदांचे दिवस सरले. खंडूने बसणं बंद केलं. वाटी मात्र भरून येतच होती.

एके सकाळी शुभाला त्या काळ्या वाटीची लाज वाटली. तिने चिंच लावून ती घासायला घेतली. किटण सुटलं, पिवळंधमक पितळ वर आलं, आणि त्यावर ठोकलेली अक्षरं: चि. शेवंती. फळीवर काशीरामची बारशातली वाटी होती. तेच पितळ, तोच आकार, अक्षरं ठोकणारा हातही तोच.

"अहो, शेवंती कोण?"

या प्रश्नाची वाट बघत असल्यासारखं काशीरामने सांगितलं, "माझी बाय, थोरली भैण. नऊ वर्सांची होती. माका म्हणाली, तुका वाटी भरून आणतंय, तू हयच बस. आणि वर डोंगरात गेली."

"मग?"

"मगे काय. मी बसान रवलंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. काशीराम उठला, काठीशिवाय चार पावलं चालला. "आता पायांत ताकद इली. आज वाटी मीच वर नेऊन देतंय. इतके दिस ती येता, एकदा मी जाऊक व्हया."

 ही ताकद शुभाने घासाघासाने मागून घेतली होती. ती कुणाच्या वाटेने चालली होती, ते आता तिला दिसलं.

"जेवून जा," एवढंच ती बोलली. तो पाटावर बसला तशी ती वाटी घेऊन खिडकीशी गेली. हात आपोआप साखरेच्या डब्याकडे वळला. तो तिने मागे ओढला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने रिकामं भांडं परत ठेवलं, तेही पालथं.

"वन्सं, पुरे झालं. ह्यांना मी देत नाही."

बाहेरची सगळी झाडी एकदम गप्प झाली. तिने खिडकीला कडी घातली आणि दारात पाट टाकून बसली. जेवून काशीरामने चपला घातल्या, दारापर्यंत आला आणि थबकला. "कोणी हाक मारल्यान?"

"कुणी नाही. बसा. मिठातल्या आवळ्याची फोड देते."

फोड चावून त्याने तोंड वाकडं केलं. "आंबट आसा." बराच वेळ तो बंद खिडकीकडे बघत राहिला. मग त्याने चपला काढल्या. दुसरी फोड स्वतःहून घेतली.

संध्याकाळी कठडा मोकळा होता.

सकाळी चहाचं आधण ठेवताना शुभाची नजर फळीवर गेली. काशीरामच्या वाटीला खेटून दुसरी वाटी होती. लखलखीत, धुतलेली, अजून ओली. आत एकच करवंद, देठाला पांढरा चीक.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे या घरच्या लेकीलाही कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मागून काशीरामची पावलं वाजली. शुभाने ते करवंद झटकन उचललं आणि आपल्याच तोंडात टाकलं. गोड होतं. इतकं गोड, की चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही. खिडकीची कडी काढून ती वर डोंगराकडे बघत उभी राहिली होती.