दंडातली काडी

दवाखान्याच्या बाकावर बसलेली एक बाई परवा स्वतःचाच दंड चाचपत होती. आमच्या प्रयोगशाळेतली औषधाविना असलेली नमुन्याची काडी तिनं पोलक्याच्या बाहीखाली धरून पाहिली होती. कातडीखाली बसवायची ही काडी अजून तयार व्हायची आहे. पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून थेंब गळत राहतो, तसं तिच्यातून एचआयव्ही टाळणारं औषध महिनोन्महिने अंगात झिरपावं, अशी आमची खटपट आहे. रोजच्या गोळ्यांची डबी ज्यांना घरात लपवता येत नाही, त्यांच्यासाठी.

"ताई, हे हाताला लागेल का हो?"

"बाहेरून दिसणार नाही," मी उमेदीनं म्हणाले.

"अंधारात बघतंय कोण? आमचे हे घरी असले की झोपेत त्यांचा हात इथंच असतो. त्या आजाराची तपासणी करून घ्या म्हटलं, तर माझं डोकं भिंतीवर आपटलं होतं."

आमच्या घरातली पहिली शिकलेली मी. शिक्षणाच्या कृपेनं हाती आलेल्या यंत्रांवर मी थेंबन् थेंब मोजला, पण शेजारी झोपलेल्या माणसाचा हात कधी मनात आला नाही. किती घरांत असे हात दंडावर पडलेले असतील? आजारातून वाचवणारी वस्तूच एखादीचा जीव घेईल, ही भीती कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती.

"लागेल," मी खरं ते सांगितलं.

तिनं काडी माझ्या तळहातावर ठेवली.

"मग न लागणारं बनवा. पण लवकर बनवा ताई, ते उद्या घरी येताहेत."