सुट्टीवरची क्रियापदं

दुपारी अडीच ही सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेत माणसांनी आडवं व्हायची वेळ. त्या वेळात भाजीवालासुद्धा हाळी देत नाही. अशा एका दुपारी डोळा लागता लागता वरच्या मजल्यावरून पहाडी आवाज आला, "आय स्टॉप्ड रनिंग!" आणि पाठोपाठ चार-पाच बायका एका सुरात, जड उच्चारांत ओरडल्या, "आय स्टॉप्ड रनिंग!" पुन्हा तोच आवाज, "आय स्टॉप्ड टू रेस्ट!" मी ताडकन उठून बसले. सव्वीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवतेय, पण व्याकरणाची अशी कवायत मी जन्मात ऐकली नव्हती.

चप्पल न घालताच मी वर गेले. दार उघडंच होतं. आत निवृत्त सुभेदार तुकाराम फडतरे लॅपटॉपसमोर ताठ उभे होते. वर कडक इस्त्रीचा कोट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. पडद्यावर पाच परदेशी बायका, त्याही उभ्या. मला बघून सुभेदार म्हणाले, "या म्याडम, बसा. युक्रेनच्या हायेत. इंग्रजी शिकत्यात." जणू माधवनगरहून पाहुणे आले होते.

सुभेदार मूळचे रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातले. सैन्यात जवानांना शिकवायच्या कामावर त्यांची बरीच वर्षं गेली होती. बायको वारल्यावर ते सांगलीला मुलीकडे, वैशालीकडे, राहायला आले. वैशालीची मुलगी ऋतुजा डॉक्टर व्हायला युक्रेनला गेली होती, हे मला माहीत होतं. युद्ध सुरू झालं तेव्हा आमची अख्खी सोसायटी टीव्हीसमोर बसून होती. पण ती तिथून सुटली कशी, ते मला त्या दुपारी कळलं.

पडद्यावर मधोमध उभी असलेली हालिना ही ऋतुजाच्या वसतिगृहाची देखभाल करणारी बाई. तिनं नऊ दिवस सगळ्या मुलींना तळघरात सांभाळलं, स्वतः न जेवता त्यांना जेवू घातलं आणि शेवटी ऋतुजाला गाडीत चढवताना स्वतःच्या अंगातला कोट काढून तिला घातला. आता वसतिगृह बंद पडलं होतं आणि हालिना एका इस्पितळात मदतनीस म्हणून कामाला होती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती आणि तिच्या चार मैत्रिणी सुभेदारांकडे इंग्रजी शिकत. दुसऱ्या एका देशात इस्पितळाच्या कामाचं प्रशिक्षण होतं. त्यासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागे. ती पास झाली की तिकडे जायचं, राहायचं, युद्धापासून लांब. हे सगळं ऋतुजाकडून शोधून काढलं होतं सुभेदारांनीच.

"माजी नात हिनं जित्ती पोचवली," ते मला म्हणाले. "आता हिला मी भाईर काडनार. ही पास झाली पायजे. बास."

हालिनाची अडचण एकाच ठिकाणी होती. काळ, वचन वगैरे ती सांभाळी, पण जिथं क्रियापद काळ सोडून येतं तिथं तिची गाडी हटकून घसरे. 'आय एन्जॉय कुकिंग'च्या जागी 'आय एन्जॉय टू कुक' म्हणे. तिच्या भाषेत ते तसंच चालतं. या विषयावर माझा तीनशे पानांचा प्रबंध आहे, त्यामुळे मी पुढं सरसावून सुभेदारांना चार पुस्तकांची नावं सांगितली. त्यांनी ती अदबीनं लिहून घेतली आणि पुन्हा कधी काढली नाहीत.

त्यांची पद्धत वेगळी होती. ती मी ऐकली आणि थक्क झाले. "आवं म्याडम, क्रियापद ड्यूटीवर असलं की त्याला वर्दी असती. त्याला इचारायचं, कुठला काळ, कुनाच्या हाताखाली. पर सुट्टीवर आलेल्याला काय इचारनार? चा इचारायचा." पुढं तीन बोटं वर करून सांगत, "टू लावलं म्हंजी गडी अजून निघाला न्हाई, ट्रंक भरतोय. आयएनजी म्हंजी कामाला जुपलाय. थर्ड फॉर्म म्हंजी पोचून आडवा झालाय." हेच ते त्या बायकांना इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी करून दाखवत. ट्रंक भरत, घाम पुसत, खुर्चीत आडवे होत. बायका पोट धरधरून हसत आणि चुकत कमी. मी शेवटच्या बाकावरची विद्यार्थिनी होऊन रोज अडीचला वर जाऊ लागले.

शिस्त मात्र पलटणीची. वर्ग सोडताना प्रत्येकीनं पूर्ण वाक्यात परवानगी मागायची. त्या दिवशी शिकवलेलं रूप त्या वाक्यात आलंच पाहिजे. बरोबर आलं की "शाबाश! डिसमिस!" चुकलं की पुन्हा. या बायकांना 'शाबाश' हा शब्द इतका आवडला होता की त्या आपसातही वापरू लागल्या होत्या.

अधूनमधून तिकडे हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजे. त्या पाचहीजणींचे फोन एकदम कण्हायला लागत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली बशी सुटली. पण त्या बायका निवांत पर्स उचलत, परवानगीचं वाक्य म्हणत आणि तळघरात जात. नेहमीचंच होतं म्हणून त्यांना सवय झाली होती, त्यांना बघून सुभेदारांना झाली आणि सुभेदारांना बघून मला. कशाचीही सवय होते माणसाला, याचा मला आजही राग येतो.

परीक्षा महिन्यावर आली होती. एका मंगळवारी मी परीक्षक म्हणून वर बसले होते, हातात वही आणि लाल पेन घेऊन. भोंगा वाजला. चौघींनी वाक्यं म्हटली, चौघी गेल्या. हालिनाचं वाक्य चुकलं. सुभेदार म्हणाले, "वन्स मोर." ती पुन्हा चुकली. ती दाराकडे बघत होती, हे मला दिसलं. "वन्स मोर, हालिना. स्लोली." तिनं श्वास घेतला आणि वाक्य अचूक म्हटलं. सुभेदारांचा चेहरा उजळला. "शाबाश! डिस..." एवढ्यात पडद्यावरची भिंत हलल्यासारखी झाली. आवाज आलाच नाही. चित्र तिथंच थिजलं आणि मग नुसता काळा पडदा.

मी वहीकडे पाहिलं. तिच्या वाक्यापुढे मी दहापैकी नऊ गुण लिहिले होते. तिला जाऊ द्या, असं म्हणायला मला तोंड होतं. मी ते उघडलं नाही. मी गुण देत बसले होते.

मंगळवारच्या दुपारपासून गुरुवारच्या सकाळपर्यंत सुभेदार त्या खुर्चीवरून फक्त मोरीपुरते उठले. अंगात तोच कोट. ऋतुजा पुण्याहून सारखी फोन लावत होती. वैशाली जेवणाचं ताट घेऊन येई आणि तसंच परत नेई. मी शेजारी बसले तर म्हणाले, "म्याडम, मी पोस्टवर गोळे झेलल्यात. गोळा आला की मानूस खाली घालायचा, येवडं शिपाई पयल्या दिवशी शिकतो. आन् मी तिला उबी केली. एका वाक्यापायी उबी केली." मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं, आणि असं म्हणणं हे सांत्वन नव्हतं.

गुरुवारी सकाळी हालिनाचा निरोप आला. इस्पितळाची पलीकडची बाजू पडली होती. तिच्या दंडात काचा घुसल्या, सात टाके पडले. बाकीच्या चौघी सुखरूप होत्या. खाली तिनं लिहिलं होतं की सोमवारपासून वर्ग घ्याल ना. सुभेदारांनी तो निरोप माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि मोरीत जाऊन नळ सोडला. नळाच्या आवाजातही त्यांचं रडणं आम्हाला ऐकू आलं.

सोमवारपासून परवानगीचं वाक्य बंद झालं. ओरडणंही बंद. भोंगा वाजायच्या आधीच त्या बायका तळघरात बसलेल्या असत आणि सुभेदार खाली बसून हलक्या आवाजात शिकवत.

हालिना पास झाली. तोंडी परीक्षेत चौघींच्याही पुढे. सुभेदारांनी साताऱ्याहून कंदी पेढे मागवले आणि स्वतः प्रत्येक दारात जाऊन वाटले. "भाईर निगाली बगा! सुटली!" त्यांना एवढं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात हालिनानं त्यांना सांगितलं की ती जाणार नाही.

सुभेदारांना वाटलं, तिच्या इंग्रजीत काहीतरी चुकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चुकलं नव्हतं. ती एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "सर, मला जायचं नव्हतंच. तुम्हाला मी जावं असं वाटत होतं, आणि तुम्ही इतक्या आनंदात होतात की मला सांगवलं नाही. आमच्याकडे बाहेरच्या देशांतले डॉक्टर येतात. आमची जखमी पोरं खाटेवर असतात. कुठं दुखतं, कधी दुखतं, कसं दुखतं, ते डॉक्टर विचारतात आणि पोरांना कळत नाही. मध्ये मी उभी असते. हातांनी दाखवते. पण हातांनी दाखवून किती दाखवणार? म्हणून मला इंग्रजी हवं होतं."

सुभेदारांनी लॅपटॉप मिटला. सहा दिवस त्यांनी तो उघडला नाही. मला वाटलं, रागावले. तसे ते रागावलेलेही होते, पण सातव्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाले, "वर्सभर शिकिवलं म्याडम. इंग्रजी कशाला पायजे तुला, येवडं काय मी तिला इचारलं न्हाई. लय शाना समजत हुतो सोताला." आणि मग लगेच, "दुकन्याचं इंग्रजी कंच्या पुस्तकात असतं?"

तसं पुस्तक माझ्याकडे नव्हतं. आम्ही दोघांनी बसून वाक्यं तयार केली. वाकताना दुखतं का. पाय टेकवायला जमतं का. झोपणं कधीपासून बंद झालं. सगळी त्यांची ती सुट्टीवरची क्रियापदं, फक्त आता एकाही वाक्यात कुणी धावत नव्हतं की स्वयंपाक करत नव्हतं.

वर्ग पुन्हा सुरू झाला. हालिनानं विचारायचं आणि कुणीतरी रोगी व्हायचं. मैत्रिणी रोगी झाल्या की त्यांना हसू येई. मग सुभेदार म्हणाले, "आस्क मी." त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि पायजमा गुडघ्याच्या वर घेतला. मांडीपासून पोटरीपर्यंत आत ओढलेला, काळपट, गाठीगाठींचा जुन्या जखमेचा व्रण होता. जिना चढताना ते उजवा पाय मागे ठेवत, ती मला फौजी ऐट वाटे. दारात वैशाली चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती तिथंच थांबली. सैन्यात जखम भरल्यावरही दुखतंय असं सांगितलं की तब्येतीची कॅटेगरी उतरते आणि माणूस घरी येतो, म्हणून जवान सांगत नाहीत, हे मला नंतर समजलं. घरी आल्यावरही सुभेदारांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

हालिना आता हसत नव्हती. तिनं खाटेशेजारी उभं राहावं तसं पुढं झुकून विचारलं, चालताना दुखतं का. "येस." बसल्यावर थांबतं का. "नो." रात्री झोपायला जमतं का. सुभेदारांनी पायजमा पुन्हा खाली ओढला. मग इंग्रजीत म्हणाले की बत्तीस वर्षांत एकही रात्र सलग झोपल्याचं आठवत नाही.

वैशालीनं ट्रे जमिनीवर ठेवला. "आबा," ती मागून म्हणाली, "आवं आबा, रोज दुखतंय?"

गेल्या दिवाळीत सुभेदार गेले. तोवर हालिना वर्गात रोज त्यांना तेच तीन प्रश्न विचारायची आणि ते खरी उत्तरं द्यायचे. पण त्या पहिल्या दुपारी त्यांनी लेकीकडे वळून पाहिलं नाही. ते पडद्यावरच्या हालिनाकडेच बघत राहिले आणि वैशालीच्या मराठी प्रश्नाला त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं.

"येस," ते म्हणाले. "एव्हरी डे."