पंगतीच्या मापाचा पोर्च

देवासच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या पोर्चमध्ये मोटार उभी असते. आमची मोटार बाहेर कडुनिंबाखाली उभी असते आणि पोर्चमध्ये खांब उभा असतो.

खांब सगळ्यांच्याच पोर्चला असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण आमचा एक खांब बरोब्बर फाटकासमोर, मधोमध, रहदारीच्या हवालदारासारखा उभा आहे. कुणी विचारलं की मी 'वास्तू' एवढंच म्हणायचो आणि आत निघून जायचो. मी मुळात कमी बोलणारा. त्यात अपराधीपणा माझ्या अंगात इतका मुरलेला, की कॉलनीतली वीज गेली तरी आधी मला वाटतं, मीच काहीतरी दाबलं असणार! तरी त्या खांबाबद्दल मी कितीतरी दिवस सराईतासारखा खोटं बोललो. आज सगळं सांगून टाकतो.

सुरुवात धारहून आलेल्या फोननं झाली. महालक्ष्म्या (तुमच्याकडच्या गौरी) आमच्या घराण्यात नेहमी धारला, थोरल्या दादाकडे बसतात.

"मनोहर, यंदापासून महालक्ष्म्या तुझ्याकडे," दादा म्हणाला. "तुझ्या वहिनीच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय."

"पण दादा, जागा कुठंय?" मी सवयीनं म्हणालो. हे उत्तर मी इतकी वर्षं देत आलो होतो, की ते आपोआप तोंडातून निघायचं.

"अंगण आहे की एवढं थोरलं!"

"भाद्रपदात पंगत भिजेल."

"मग छप्पर घाल! आणि ऐक, आईला पंगतीत बसव. इथं ती हल्ली आत स्टुलावर एकटीच जेवते. पाठ धरते म्हणते."

आई आमच्याकडेच असते. पण महालक्ष्म्यांना धारला गेली की तिथं ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवायची आणि बाहेर पंगतीत हसणं चालू असायचं, हे मीही पाहिलं होतं. पाहून जिलबी वाढून घेतली होती. तेव्हा ठरलं. पोर्च बांधायचा, पंगत बसवायची, आणि पंगतीत आई!

इथं माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी कारखान्यात तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढणं हेच माझं काम. केसाएवढा फरक निघाला तरी मी माल परत पाठवतो. त्यामुळे पोर्चचं माप दुसरं कुणी घेणं शक्यच नव्हतं. मी टेप घेऊन अंगणात उतरलो.

"हे काय करतोस?" आईनं ओसरीतून विचारलं.

"माप घेतोय."

"टेपवर कुणी जेवायला बसतं का रे? माणसं बसवून बघ!"

आमच्या घराण्यात जागा फुटांत मोजत नाहीत, पानांत मोजतात. आईच्या माहेरची ओसरी 'बारा पानांची' होती आणि दादाची खोली 'सहा पानांची, दाटीवाटीनं' आहे. तेव्हा रविवारी सकाळी माळ्यावरचे सगळे पाट खाली आले. नीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाट कमी पडले म्हणून उशा आणि स्वयंपाकघरातली चटई आणली. दोन रांगा मांडल्या. एक घराच्या भिंतीला लागून, दुसरी समोर, फाटकाच्या बाजूला. पण घरात माणसं मोजून चार! मग आईनं शेजारीपाजारी बोलावले.

"काकीजी, बैठना भर है ना?" समोरच्या चौहान भियांनी (इकडे भैयाला भिया म्हणतात) पाटाकडे संशयानं बघत विचारलं.

"हो, फक्त बसा. आणि पोट आत घेऊ नका, तुमच्यावरूनच माप ठरायचंय!"

शेजारच्या शिंदे बाई बसल्या, तर आई म्हणाली, "तुझं माप काय घ्यायचं, तू तर वाऱ्यावर जगतेस! मांडी जरा पसर." खरं वाटावं म्हणून आईनं प्रत्येकापुढे रिकामं ताट आणि पेला ठेवला. "पंगत म्हटली की कोपर बाहेर येतं," असं सांगून तिनं सगळ्यांना खोटे घास घ्यायला लावले. अख्खी कॉलनी आमच्या अंगणात हवा जेवत होती.

नेमके तेव्हाच मागच्या गल्लीतले लोक देवळातून परत येत होते.

"अरे, मनोहर भिया के यहाँ जीमण है! हमको बोला ही नहीं?"

"जेवणावळ नाही हो, माप आहे!" मी ओरडलो.

"हाँ हाँ, ताट लगे हैं और बोलते हैं माप है!"

ते रुसले. त्यांना समजावायला नीता धावली, ते आत आले, आले म्हणून बसले, बसले म्हणून रांगा वाढल्या. आता एवढी माणसं रिकाम्या ताटावरून उठवणार कशी? माझी मुलगी अदिती स्कूटर काढून चौकात गेली आणि हलवायाच्या कढईतले होते नव्हते तेवढे पोहे आणि जिलब्या घेऊन आली. ("बाबा, अगली बार टेपने माप घ्या प्लीज.") ज्यांनी फुकट हवा खाल्ली होती त्यांनी आता पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले, वर शेव मागितली.

या गोंधळात मी चुन्याची पुरचुंडी घेऊन खांबांच्या जागा आखत होतो. कोपऱ्यांवरचे खांब सोपे होते. पण आमचे मिस्त्री गोवर्धन भिया म्हणाले, "भिया, छत लंबी है, बीच में एक खंबा और लगेगा. बताओ कहाँ?"

मी तपासणी विभागाची नजर फिरवली. खांब फाटकाकडच्या रांगेत येणार होता. म्हणजे जिथं कुणी बसत नाही तिथं तो हवा. साधं गणित! रांगेत सगळे पाट भरलेले होते, फक्त मधला एक पाट मोकळा. मी पाट बाजूला केला आणि तिथं चुन्याची फुली मारली.

"यहीं? पक्का?"

"पक्का!"

"आप बोलो तो मैं छत के ऊपर भी गाड़ दूँ," गोवर्धन भिया आनंदानं म्हणाले आणि आणखी एक जिलबी उचलली.

पोर्च झाला. छताखालच्या फळ्या निघाल्या. काय देखणा दिसत होता! सपाट छत, खाली लाल फरशी, पाण्याला नेमका उतार, कुठं ओल नाही, कुठं भेग नाही. मी फरशीवर अनवाणी चालून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कशाचीही लाज वाटली नाही. ही अवस्था दुपारपर्यंत टिकली. दुपारी मी नारळ बॉनेटवर ठेवून मोटार फाटकातून आत घेतली.

समोर खांब.

मी मागं गेलो, चाक डावीकडे वळवलं. खांब. उजवीकडे वळवलं. खांब आणि नीता.

"अहो," नीता शांतपणे म्हणाली, "गाडी कुठून जायची?"

नारळ घरंगळून फुटला. (मुहूर्त तेवढा साधला.) तोवर फाटकावर चौहान भिया आले.

"भिया, ये खंबा बीच में?"

मी आयुष्यभर जे बोललो नाही ते सगळं त्या क्षणी तोंडातून वाहू लागलं. "वास्तू आहे भिया! घराचा भार तोलला जातो. समोरून येणारी वाईट हवा फुटून दोन्हीकडे जाते. मोटार काय, बाहेरही राहते. आतली शांती महत्त्वाची!"

चौहान भियांनी खांबाला हात लावून तो कपाळाला लावला. मी मोटार मागं घेतली आणि बाहेर कडुनिंबाखाली लावली.

भाद्रपद आला. दादा आणि वहिनी धारहून मुखवटे मांडीवर घेऊन आले. महालक्ष्म्या पुढच्या खोलीत बसल्या, पुरणाचा वास गल्लीभर गेला, आणि बाहेर असा पाऊस कोसळायला लागला की दादासुद्धा छताकडे बघून म्हणाला, "मन्या, एक थेंब नाही रे!" दादानं माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. मी फुगलो. पाटांच्या रांगा लागल्या, रांगोळ्या निघाल्या, पानं मांडली, नातेवाईक बसले, शेजारी बसले. चौहान भिया आज खरे जेवायला बसले.

"आईचं पान कुठे?" दादानं विचारलं.

"त्या रविवारी मांडलं होतं तिथंच," आई म्हणाली. "बाहेरच्या रांगेत मधोमध. दारातून महालक्ष्म्या दिसतात तिथं."

सगळ्यांनी तिकडे बघितलं. तिथं खांब होता.

माझ्या डोळ्यांपुढे तो रविवार उभा राहिला. मधला पाट मोकळा होता, कारण तो आईचा होता. आणि आई बसली नव्हती, कारण ती उभी राहून सगळ्यांना बसवत होती! ज्या माणसासाठी पोर्च बांधला, नेमकी त्याच माणसाची जागा मी सिमेंटनं भरून टाकली होती.

"मग आईला आत स्टूल..." कुणीतरी म्हणालं.

"थांबा!" मी ओरडलो. वाढपी थबकले. पळीतली कढी थबकली. "वास्तू वगैरे काही नाही. मी चुकलो. मोकळा पाट दिसला आणि मी फुली मारली. तो पाट आईचा होता. मी उद्याच खांब पाडतो!"

चौहान भियांच्या हातातली पुरणपोळी हळूच पानात उतरली.

"भिया," ते म्हणाले, "मैंने तो परसों ही छत डलवा दी. बीच में खंबा लगा के."

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. तेवढ्यात आई उठली, पदर खोचला, खांबापुढे तिचा पाट मांडून घेतला आणि बसली. पाठ खांबाला टेकली. मागं सरकून तिनं नीट जागा घेतली, मान वळवून दारातून महालक्ष्म्या दिसतात का ते पाहिलं.

"वाढा!" ती म्हणाली.

रांग तिथं जरा वाकडी झाली, वाढप्यांना वळसा पडला. पण भात झाला, पुरण झालं, मठ्ठा झाला, लोकांनी मांड्या बदलल्या, दादानं कंबर दाबली, वहिनी भिंतीकडच्या रांगेत सरकल्या, तरी आई हलली नाही. ती शेवटच्या भातापर्यंत पंगतीत बसली, सगळ्यांची थट्टा करत, चौहान भियांना आग्रह करत. दादा तिच्याकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या पानातली जिलबी माझ्या पानात ठेवली.

हात धुताना मी आईजवळ गेलो. "आई, खरंच चुकलं माझं. पाडू का खांब?"

"खबरदार!" आई म्हणाली. "तू फुली मारलीस तेव्हा मी मागंच उभी होते. बघितलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, राहू दे. पाठ टेकायला होईल."

तर असा आमचा पोर्च. कॉलनीत तसा दुसरा नाही. (आहे, समोर चौहान भियांकडे; ते अजून माझ्याशी बोलताना खांबाकडे बघतात.) त्यात एवढीच एक गोष्ट पूर्ण विचार करून, योग्य जागी, योग्य कारणासाठी झालेली आहे, आणि ती म्हणजे माझी चूक. विचार अर्थात आईचा होता. माझा फक्त चुना!