चंद्रीच्या दुधाले सुरी नाई!

वाशीमच्या बंगल्यावरच्या गोष्टी सांगाले बसली का एकीतून दुसरी निघते बायांनो, अन् दर गोष्टीत डोकं माहंच फिरते! साहेबाच्या मडमबाईले घरी चीज करायचा शौक. दूध माह्या चंद्रीचं. आमची तीच एक म्हैस, तिच्यावरच घर चाले.

दुधात विलायती पुडी टाकली का ते खरवसासारखं थिजे. मंग ते बारीक फोडायचं, म्हंजे पाणी सुटे. मी पयल्याच दिवशी बजावलं, "सुरी लावायची नाई! दुधाले लोखंड लागलं का म्हशीची कास फुटते."

"ऑल राइट, गंगा!"

*

दुसऱ्या दिवशी पाह्यते तं मडमबाई डोक्यातली फणी त्या दह्यात फिरवून राह्यली!

"धुतली आहे," म्हणे.

रहीमचाचा, तिथला खानसामा, मले म्हणे, "गंगे, चीज उवा निवडून खाजो." मी त्याच्यावरच खवळली. मी कायले खाते ते चीज!

*

फणी बंद केली तं तिनं टेनिसची बॅट काढली. परातीत दाबली का जाळीतून चौकोनी तुकडे पडत. लोखंड नाई पाहून मी म्हटलं, चालन.

आठ दिवसांनी चाचा बोलला, "ते जाळी मेंढराच्या आतड्याची हाय."

आठ दिवस! अन् हा मुडदा रोज पाहत उभा!

*

मंग मीच बसली. बांबूच्या कमच्या तासल्या, लाकडी पट्टीत रोवल्या, दही फोडायची फणी झाली. फुकटात काम! अकोल्याच्या पाहुण्या मडमा आल्या तं ही त्यायले दाखवते, "माय इन्व्हेन्शन!"

तेवढी इंग्रजी मले समजते!

*

अन् त्याच पाहुण्यायच्या घाईत तिनं सुरी चालवली. चाचानंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून चंद्री पान्हा चोरे, लाथा झाडे. पारडू लावलं, सरकी चारली, थेंब नाई. तीन दिवस!

मी बंगल्यावर गेली. "माहं घर बुडवलं तुमी!" इतकी ओरडली का साहेब बाहेर आला. मडमबाईचं तोंड लालभडक!

चौथ्या दिवशी ती एकटीच आमच्या गोठ्यात आली. चंद्रीसमोर हात जोडले. "माझा चूक झाला," म्हणे. अन् झगा शेणात टेकवून कासेखाली बसली.

बादली भरली! चंद्री डोळे मिटून रवंथ करून राह्यली.

मडमबाई रडे. माही तं तळपायाची आग मस्तकात! म्हशीच्या पाठीवर चापट ठेवून म्हटलं, "काहून वं हरामखोर! इतके दिवस तुह्यासाठी मी भांडली, अन् पान्हा हिले?"