साडीच्या पाटीखालची थापड

आमच्या रेणापुरात सेन्सॉर बोर्ड एकाच माणसाचं होतं, आणि ते बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत बसायचं. केबलवाले काका. रविवारी दुपारी ते गावातल्या चॅनलवर सीडी लावायचे आणि स्वतः समोर बसून पिच्चर बघायचे. घरादारानं बघण्यासारखं नाही असं काही आलं की बटण दाबायचे, आणि सगळ्या गावाच्या टीव्हीवर लातूरच्या एका साडी सेंटरची पाटी यायची. निळ्यावर पिवळी अक्षरं, बाजूला पदर धरून उभी असलेली बाई. सीन संपला असेल असा अंदाज आला की पाटी काढायचे. अंदाज कधी बसायचा, कधी नाही. काही पिच्चरांत आम्ही हिरोपेक्षा त्या पदरवालीलाच जास्त बघितलं.

त्यांचे नियम पण हंगामाप्रमाणं बदलायचे. गल्लीत लिंगायत दुकानदारांची घरं जास्त, म्हणून श्रावणात पिच्चरमधल्या कोंबडीची तंगडीसुद्धा पाटीखाली. दहावीची परीक्षा आली की प्रेमाची गाणी बंद. बायका फोन करून सांगायच्या, "काका, आज पावणे हायेत, जरा बघून लावा." म्हणजे तोच पिच्चर आषाढात वेगळा, श्रावणात वेगळा, आणि कुणाचा व्याही आला की अजून वेगळा.

मी तेव्हा अकरा वर्षांचा. गल्ली मला नकल्या म्हणायची. गुरुजींपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो आणि सगळ्यांचा मार खायचो. रविवारी माझी ड्युटी ठरलेली. पाटी आली की पाटीखाली काय चाललंय ते मी टीव्हीपुढं उभा राहून करून दाखवायचं. बायका म्हणायच्या, पिच्चरपेक्षा हे बरं हाय.

त्या रविवारी आमच्या घरात सात-आठ बायका होत्या, मांडीवर सुपं, सुपात तूर. दिवाळी होऊन गेली होती. शेजारची ताई पण होती. ती पंचमीला मुरुडहून माहेरी आली ती परत गेलीच नव्हती. कुणी विचारलं की तिची आई सांगायची, "काई न्हाई, थोडं बोलणं झालंय." गल्लीनं ते थोडं बोलणं चार महिने चघळलं.

पिच्चर नवराबायकोचा होता. सकाळ, स्वयंपाकघर, बायको चहाचा कप आणून ठेवते. नवरा एक घोट घेतो, कप ठेवतो, उठतो. त्याचा हात जरासा वर जातो, आणि पाटी. साडी सेंटर. पाटी निघाली तेव्हा ती बाई ट्रंकेत कपडे भरत होती.

"आता गं बया," पलीकडच्या काकू म्हणाल्या, "चहावरून घर सोडायली का ही?"

"लाडात वाढलेली असंल," माझी आई म्हणाली.

मी उठलो. नवऱ्याचा घोगरा आवाज काढला, "साखर किती टाकली?" मग बायकोचा, बारीक, "दोन चमचे." "मी तीन सांगितलं होतं." "मग मी चालले माहेरी." आणि काल्पनिक ट्रंक डोक्यावर घेऊन दारापर्यंत तुरुतुरु चालत गेलो. बायका इतक्या हसल्या की एकीची तूर सांडली. ताईचा हात सुपात थांबला होता. सगळ्यांचं हसून झाल्यावर ती पण हसली. मला वाटलं, जमलं.

पुढं असं झालं की केबलवाल्या काकांना डुलकी लागली. शेवटच्या कुठल्यातरी सीनला त्यांनी पाटी टाकली ती निघालीच नाही. वीस मिनिटं पदरवाली बाई. दोघीतिघींनी फोन लावले, उचलेनात. पाटी निघाली तेव्हा पिच्चर संपून वाढदिवसाच्या शुभेच्छा चालू होत्या.

"मग परत गेली का रे ती?" ताईनं मला विचारलं.

मला काय माहीत. पण सात-आठ बायका तोंडाकडं बघत असताना माहीत नाही असं कुठला नकलाकार म्हणतो. मी नवरा झालो. दारात उभा राहिलो, मान खाली घातली, आवाज एकदम उतरवला. "चुकलं माझं. चहा मी करतो. चल घरी." काकूंनी पदरानं डोळे पुसले. आई म्हणाली, "असाच असंल शेवट."

आठ दिवसांनी ताईचे वडील तिला मुरुडला सोडून आले.

दोनेक वर्षांनी तोच पिच्चर मोठ्या चॅनलवर लागला. तिथं पाटीबिटी काही नव्हती. कप ठेवला, नवरा उठला, आणि एकदम ट्रंक. इतकी सफाईदार कात्री की मध्ये काही होतं असं वाटायचंच नाही. मी म्हणलं, बघा, मोठ्या चॅनलवर पण चहावरूनच.

आता मी नांदेडला असतो. दिवसा मोबाइलच्या दुकानात, आणि हळदीला, गॅदरिंगला, कुणी बोलावलं तर नकला. साखरेची नक्कल माझी हमखास चालणारी. नायगावला एका हळदीत लोकांनी ती तीनदा करायला लावली. मागच्या महिन्यात वाटलं, नवऱ्याचा आवाज जरा नीट पकडावा, म्हणून दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मोबाइलवर तो पिच्चर शोधला. सापडला. कोपऱ्यात लिहिलेलं, यूए १३+, घरगुती हिंसा. मला हसू आलं. त्या सीडीच्या खोक्यावर मोठा ए छापलेला होता, काका बोट ठेवून सांगायचे, मोठ्यांचा हाय. म्हणजे आधी मोठ्यांचा, मग कापून घरच्यांचा, आणि आता काही न कापता आठवीतल्या लेकरांचा. आमचं वय वाढत गेलं आणि पिच्चरचं उतरत.

मग तो सीन आला. कप ठेवला, उठला. थापड. एक नाही, तीन. तिसरीला कप खाली पडतो. बाई बराच वेळ फरशीकडं बघत बसते. साखरेचं नावसुद्धा कुणी काढत नाही. शेवट मी लावला तसा नव्हताच. नवरा दारात येतो, "चल" म्हणतो, ती त्याच्याकडं बघते आणि दार लावून घेते. संपला पिच्चर.

मी काउंटरवर मोबाइल पालथा ठेवला. केबलवाले काका वाईट माणूस नव्हते. लेकरांनी मारहाण बघू नये एवढंच त्यांच्या मनात. पण थापड काढली की मागं काय उरतं, तर चहावरून घर सोडणारी बाई. नवऱ्याचा हात झाकला गेला आणि नाव तिचं खराब झालं. त्यावर साखर टाकणारा मी. आणि ते थोडं बोलणं म्हणजे काय असेल, हे मला इतक्या वर्षांनी, दुकानात उभ्या उभ्या कळलं. मला एकच विचारायचं होतं, माझ्या शेवटामुळं ती गेली का?

रविवारी लातूरला उतरलो आणि मुरुडची गाडी धरली.

ताई ओसरीत मशीनवर ब्लाऊज शिवत होती. तिची बारा वर्षांची पोरगी बाजूला हुक लावत होती. दाजी घरी नव्हते. मला बघून ताई म्हणाली, "नकल्या, वाट चुकलास का लेका?"

इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणलं, "ताई, त्या रविवारी मी पिच्चरचा शेवट करून दाखवला होता. खोटा होता तो. माझ्यामुळं आलीस का तू इकडं?"

तिनं दोरा तोडला. "लई मोठा झालास की. तुझ्या नकलंवर संसार चालतेत व्हय? धाकटीची सोयरीक जमायली व्हती, बाबा मला इकडं सोडणारच व्हते." मशीनचं चाक हातानं थोडं फिरवलं. "पण तू तो आवाज काढलास ना, चुकलं माझं म्हणायचा. एसटीत मी तेच ऐकत आले. वाटलं, दारात असंच म्हणतील."

"म्हणले का?"

"पाणी दे म्हणले."

पोरगी हुक लावायची थांबली होती. "कोणता पिच्चर, मामा?"

मी मोबाइल खिशात सरकवायला लागलो. म्हणलं, "तेरा प्लस हाय, तुझं वय बसत न्हाई."

"फेब्रुवारीत तेरा पुरी व्हतेत तिला," ताई म्हणाली. "बसू दे. लाव."

मशीनच्या फळीवर मोबाइल उभा केला. कप. घोट. तीन थापडा. माझा हात दोनदा पुढं गेला, काय झाकायला कोण जाणे. पोरगी म्हणाली, "लगीच का न्हाई गेली ही? ट्रंक कशाला भरत बसली?"

ताईनं बोटानं पिच्चर दहा सेकंद मागं घेतला. परत बघितलं. परत मागं घेतला.

"तवा हे दिसलं असतं," ती म्हणाली, "तर तुझी आई लाडात वाढलेली म्हणली नसती."

तेराचौदा वर्षं झाली त्या वाक्याला. माझ्या आईला ते आठवतसुद्धा नसेल.

"ती साखरंची नक्कल करतोस का अजून?"

"व्हय," मी म्हणलं.

ती उठून आत गेली. भांड्याचा आवाज आला, स्टोव्ह पेटला. पोरगी पुढचा पिच्चर बघत होती, मी मशीनवरची चिंध्यांची गुंडाळी उलगडत बसलो. आतून ताईनं विचारलं, "साखर किती टाकू रे?"

माझ्याजवळ पंचवीस आवाज हायेत. त्यातला एकही निघाला नाही. आपल्याच आवाजात म्हणलं, "तुला वाटंल तेवढी."