परटाला न दिलेली धोतरं

परटानं आमच्या घरावर गावकी बसवली, ती माझ्या बापाच्या धोतरांवरून. जर्मनची पहिली लढाई संपून दोन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. गावात ती नाना तऱ्हांनी सांगितली गेली आणि त्यातली एकही तऱ्हा बरोबर नाही, म्हणून मी लिहितो. माझी शाळा दुसरीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, हकीकत सरळ आहे.

बापाला आम्ही आप्पा म्हणायचो. गावच्या पाच पंचांत ते एक होते. कुणाचा बांध सरकला, कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या म्हशीनं दुसऱ्याची तंबाखू तुडवली, की मारुतीच्या पारावर पाच म्हातारे बसायचे आणि आप्पा मधोमध. धोतर पांढरंफेक. पारावर टेकण्याआधी ते फरशी फुंकून घ्यायचे. लोक हसायचे, पण आप्पा बसल्यावर नाही.

त्या वर्षी त्यांना मुतखडा झाला. लघवी धरवेना आणि तिच्यातून रक्त जाऊ लागलं. निपाणीच्या वैद्यानं गोखरूचा काढा दिला. काढा चालू राहिला, रक्तही चालू राहिलं. घरात त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. काढा गुडघ्यासाठी आहे असंच आम्ही समजत होतो. एक दिवस गोठ्यात कडब्याची पेंढी ओढली तर मागं रक्ताळलेलं धोतर कोंबलेलं. उलगडून बघतोय तोवर आप्पा दारात उभे.

"ठेव ते खाली," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवसापासून त्यांनी पारावर जाणं सोडलं. बोलवायला कुणी आलं की म्हणायचे, "गुडघं धरल्यात. तुमी व्हा म्होरं."

मी मनाशी ठरवलं, हे धोतर परटाच्या हातात जाऊ द्यायचं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. परीट आठवड्यातून दोनदा सगळ्या गावाची दारं फिरतो, ओढ्यावर त्याच्या दगडापाशी सगळ्या गावाच्या बायका येतात. एक डाग त्याच्या नजरेला पडला की झालं. बरं, एकट्या आप्पांची धोतरं बंद केली तर तो विचारणारच, धोतरं कुठायत म्हणून. म्हणून मी सगळ्या घराचीच कापडं बंद केली. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

घरची बाकी कापडं धुणं बायकोच्या अंगावर टाकलं. आप्पांची धोतरं मी मळ्यात न्यायचो. आमच्या विहिरीपाशी तीन दगडांची चूल मांडून त्यावर तांब्याचं घंगाळ ठेवायचो, पाण्यात राख घालायचो, पाणी खळखळलं की धोतर आत. मळकं कापड उकळावं, एवढं मला ठाऊक होतं. पण झालं उलटंच. आत जाताना लाल असलेला डाग बाहेर येताना काताच्या डागासारखा तांबूस व्हायचा आणि हटायचा नाही. मग मी त्यावर रिठा घासला, लिंबू पिळलं, विटेच्या तुकड्यानं रगडलं. सूत विरलं, डाग राहिला. वाळत घालायचो खोपीच्या आत, वाटेवरून दिसू नये म्हणून.

एकदा बायको भाकरी घेऊन आली ती नेमकी उकळी फुटताना.

"काय उकळताय?"

"बैलाचं औषध."

तिनं घंगाळात वाकून बघितलं. "बैल धोतर नेसतोय व्हय?"

मी जाळ सारखा केला. ती भाकरी ठेवून गेली. पुढं, सगळं झाल्यावर, तिनं मला सांगितलं की रगताला गार पाणी लागतं, हे कुठल्याच बाईला शिकवावं लागत नाही.

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"तुमी बैलाचं औषध म्हणालासा. बैलाचं मला काय कळतंय?"

परीट तीन वार रिकामा गेला. चौथ्या वारी दारात उभा राहिला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, वाळका माणूस, पण खांद्यावर चार घरांचं गाठोडं घेऊन न वाकता चालायचा.

"अण्णा, गठुडं न्हाय. काय चुकलं माझं?"

"काय चुकलं न्हाय. घरात धुतोय."

"का?"

"आमची मर्जी."

"कापड फाटलं का माझ्या हातनं? हरवलं?"

"न्हाय म्हटलं न्हवं? सुगीचं धान तुला पोचंल, मापभर कमी व्हायचं न्हाय. काम नगं करूस, धान घे. आनि काय पायजे?"

त्यानं खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "न धुता धान घ्यायला मी काय मागाय आलोय व्हय, अण्णा? माझ्या आज्यानं तुमच्या आज्याची धोतरं धुतली. ह्या घराच्या कापडावर आमच्या बिब्ब्याची खूण हाय."

परीट घराघराची कापडं ओळखू यावीत म्हणून कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसानं खूण घालतो. आमची खूण तीन ठिपके.

"खूण काढून टाकतो," मी म्हणालो.

"बिब्बा जात न्हाय," तो म्हणाला आणि गाठोडं उचलून गेला.

मग गावात सुरू झालं. कुणी म्हणालं, हे आता बेळगावच्या वकिलांगत साबण लावतात. कुणी म्हणालं, परटानं ह्यांचं लुगडं बदललं असणार. शेवटचं जे बोललं जात होतं ते परटाला झोंबणारं होतं. आमच्या घरानं सोडला म्हणजे त्याच्या हातात काहीतरी खोट असणार. दुसऱ्या आळीतल्या एका घरानं त्याला गाठोडं द्यायला टाळाटाळ केली. तेव्हा तो पंचांकडं गेला.

अमावस्येला आमच्याकडं औत धरत नाहीत, म्हणून गावकी त्याच सकाळी बसली. मी आप्पांना म्हणालो, "तुमी येऊ नगासा. मी बघतो."

"तक्रार माझ्या घरावर हाय, आनि मी घरात बसू?"

त्यांनी दोन धोतरं एकावर एक नेसली. किती वेळ लागला ते मी बाहेरून ऐकत होतो. वाटेनं मी त्यांच्या मागून चाललो. पुढून चाललो असतो तर मागचं मला दिसलं नसतं.

पारावर चौघं आधीच बसले होते. आप्पांची मधली जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. आप्पा तिथं गेले नाहीत, कडेला पिंपळाच्या बुंध्याशी टेकले. परीट खाली उभा. मीही खाली उभा. पंचांतल्या वडील म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कापडं का थांबवलीस?"

"सांगणार न्हाय."

"दंड बसंल."

"बसू द्या. मारुतीला तेल घालतो, नारळ देतो, सांगाल ते देतो. कारण सांगणार न्हाय."

"लई ताठ हाय गा तुझं पोरगं," म्हातारा आप्पांना म्हणाला.

परीट म्हणाला, "मला दंड नगो. नारळ घेऊन मी काय करू? मला कारण पायजे. आज ह्यांनी सोडलं, उद्या दुसरा सोडंल, परवा तिसरा. माझा हात वाईट म्हणून गावानं टाकला, असं झालं तर माझ्या पोरांस्नी कुठल्या गावात दगड मिळंल?"

मी त्याच्याकडं बघितलं नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी बोलणार नव्हतो. दिवसभर उभं ठेवलं असतं तरी नव्हतो.

आप्पा बुंध्याला हात धरून उठले.

"त्येच्या हातात खोट न्हाय. खोट माझ्यात हाय. मला मूत धरवत न्हाय. संगं रगत जातंय. पोरानं झाकाय म्हणून घरात धुतलं. परटाचा हक्क आमी मोडला, ती चूक आमची. उद्यापास्नं गठुडं जाईल."

एवढं बोलून ते परत टेकले. इतर घरांचा निवाडा जसा सांगायचे तसंच सांगितलं, आवाज वर नाही की खाली नाही.

मग तोच वडील म्हातारा खाकरला.

"व्हय गा परटा, आता आमी पाचजण हितं बसलोय. खरं सांग, कुणाचं धोतर कोरडं असतंय?"

"ते मी सांगत न्हाय," परीट म्हणाला. "माझ्या बापानंबी तुमच्या बापाचं कुणाला सांगितलं न्हाय."

म्हातारा आधी चपापला आणि मग असा हसला की त्याला ठसका लागला. सगळे हसले. आप्पाही हसले. तिथंच गावकी उठली. मी हसलो नाही.

घरी आल्यावर मी आप्पांना म्हणालो, "दीड महिना मी झाकून ठेवलं. तुमी एका दमात उघडं केलंसा."

"तू झाकलंस व्हय? सगळं गाव इचारत हुतं, ह्यांच्या घरात काय झालंय म्हणून. त्येला झाकणं म्हणत्यात?"

माझं चुकलं, असं मी तेव्हा म्हणालो नाही. परटाचं नुकसान झालं हे मान्य. पण बापाची लाज लेकानं झाकायची नाही तर कुणी? हे मी अजूनही विचारतो.

दुसऱ्या दिवशी परीट गाठोडं न्यायला आला. मी उकळलेली तीन धोतरं त्यानं अंगणात उन्हाकडं धरून बघितली, बोटानं डाग चाचपला, वास घेतला.

"कढत पाण्यात घातलंसा."

"व्हय."

"रगत शिजवलंसा, अण्णा. आता ते सुतातच मुरलं." मग पोराला सांगावं तसं मला सांगितलं. आधी गार पाणी, त्यात मूठभर मीठ, रातभर न्हाय, दोन घटका. हातानं चोळायचं, विटेनं न्हाय. पाणी निवळ झालं की मग खाराचं पाणी, मग भट्टीची वाफ, आणि मग दिवसभर ऊन. "खोपीत वाळवलंसा न्हवं? लोकांस्नी लाजून कापड वाळवलं की वास धरतंय."

त्यानंतरची धोतरं त्यानं पांढरी करून दिली, एकावरही काही दिसायचं नाही. ती तीन मात्र तशीच परत आणली. "जमलं न्हाय," म्हणाला. भट्टीत दोनदा घातली होती, तरी.

मी बायकोला म्हणालो, "त्येंची फडकी कर."

आप्पांनी ते ऐकलं. "धड धोतरं हायत. फाडायची कशाला?"

त्यानंतर आप्पा अडीच वर्षं जगले. पारावर पुन्हा जाऊ लागले, मधल्या जागेवर बसू लागले, मध्येच उठून पिंपळामागं जायचे आणि परत येऊन बोलणं पुढं चालू करायचे. बाकीची धोतरं परटाकडं असली की ती तीनच पाळीपाळीनं नेसायचे. मी बैल घेऊन त्या वाटेनं जायचो तेव्हा तांबूस डाग लांबूनच दिसायचे. पारावरचं कुणी तिकडं बघत नव्हतं. मीच मान दुसरीकडं वळवून जायचो.